नसलेल्या बोटाची खाज

दर रविवारी सकाळी साडेसहाला
दोंदेबाई विहाराचं कुलूप काढतात,
आधी दारातल्या चपला सरळ लावतात, कुणाच्याही असोत,
मग म्हणतात, बसा गं.

मी मागच्या भिंतीला टेकून बसते.
डाव्या हाताची शेवटची दोन बोटं
अंबडच्या एका शेडमध्ये राहिली,
पॉवर प्रेसखाली, सेकंड शिफ्टला, सव्वानऊला.
वायसर पाडत होतो आम्ही पत्र्याचे.
सेन्सर महिनाभर बंद होता
आणि सुपरवायझर विचारत होता,
लक्ष कुठं होतं तुमचं?

लक्ष.
हाच शब्द पुढं दोंदेबाईंच्या तोंडून ऐकला
तेव्हा मी उठून चालू लागले होते.

मधे दीड वर्ष गेलं.
ठेकेदाराच्या मस्टरवर माझं नाव सापडलं नाही.
नवरा आधी गप्प झाला, मग भिवंडीला गेला,
मग नुसता रिचार्ज पाठवायचा, मग तोही नाही.
मित्राची वेणी घालता येईना.
पेड सुटायचे, मी तिच्या पाठीत धपाटा घालायचे
आणि ती रडायची नाही.
ते जास्त लागायचं.

बोटं गेली, खाज राहिली.
करंगळीच्या टोकाला, नखाच्या कडेला,
जिथं आता नुसती हवा आहे, तिथं.
रात्री झोपेत खाजवायला जायचे
आणि गोधडी खाजवत बसायचे.
डॉक्टर म्हणाले, होतं असं.
सासू म्हणाली, जीव अडकलाय बोटांचा, उतरवून टाक.

दोंदेबाई म्हणाल्या, येऊ दे खाज. बघ नुसती.
बघू कशी? बोटच नाही, बाई.
त्या हसल्या, पुढचे दोन दात नसलेलं हसू.
म्हणाल्या, मग तर तुला खाजवायची सोयच नाही,
आम्ही इगतपुरीला दहा दहा दिवस बसतो त्यासाठी.
एवढा राग आला की
दोन रविवार गेले नाही.

तिसऱ्या रविवारी गेले. का, ते सांगता येत नाही.
घरातला गॅस संपला होता, एवढं आठवतं.

श्वास आत. श्वास बाहेर.
हायवेवर ट्रकचा ब्रेक, कुणाचं तरी पोट गुरगुरलेलं.
मग आली ती, मुंगीच्या पावलांनी,
नसलेल्या पेरावरून नसलेल्या नखापर्यंत.
मी तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.
कधी थांबली कळलं नाही,
ट्यूबलाइट बंद केल्यावर समजतं ना
की इतका वेळ ती गुणगुणत होती, तसं.

सोमवारी परत आली. हे सांगायला हवं.
अजून येते.

माघ पौर्णिमेला त्रिरश्मीच्या पायऱ्या चढलो सगळ्या.
एक सर लेण्याच्या भिंतीवरचा लेख
पोरांना उलगडून सांगत होते:
विणकरांच्या श्रेणीकडे पैसे ठेवलेत,
त्यांच्या व्याजातून भिक्खूंना चीवरं मिळावीत.
दर कोरलाय, शेकडा एक.
दोन हजार वर्षं हिशेब उन्हापावसात उभा
आणि माझी दोन बोटं कुठल्याच वहीत नाहीत.
मी तिथंच बसून रडले.
मित्रानं पाण्याची बाटली पुढं केली,
नंतर स्वतःची रिबन सोडून दिली हातात.
घाल, म्हणाली, सैल झाली तरी चालंल.

मला वाटलं होतं धम्म म्हणजे सोडून देणं.
दोंदेबाईंना तसं म्हटलं तर त्या करवादल्या,
राग सोड, दावा कशाला सोडतेस?
वकिलाकडे त्याच घेऊन गेल्या,
रिक्षाचे पैसेही त्यांनीच दिले.

आज लेबर कोर्टात चौथी तारीख.
बाकावर पंखा नाही, समोर ठेकेदाराचा माणूस
मोबाइलवर क्रिकेट बघतोय.
करंगळी सुरू झाली आहे.
मी तिच्यासोबत बसले आहे.
कारकून माझं आडनाव चुकवून पुकारतो,
मी आधी ते दुरुस्त करते,
मग म्हणते, हजर.